खिडकीची दिशा आणि पडद्याचा पन्हा

आमच्या कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मग ९, १० आणि ११ नोव्हेंबर. देवीचं तोंड पश्चिमेला. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, पहिल्या दिवशी पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग असले, हवेत धुरकटपणा असला किंवा वाटेत एखादं बांधकाम डोकावलं, तर किरणं मध्येच विरतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात त्याचीच चर्चा. हे सगळं लहानपणापासून बघत आले. पण ह्याच तारखा का, ते नीट कळलं ते नव्या घराचे पडदे शिवायला निघाल्यावर.

सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. २२ डिसेंबरपर्यंत तो दक्षिणेकडं सरकत जातो आणि मग उलटा फिरतो. नोव्हेंबरातल्या त्या तीन तारखा आणि फेब्रुवारीच्या तोंडावरच्या ह्या तीन, २२ डिसेंबरच्या अलीकडं-पलीकडं जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. जाताना जिथून गेला, तिथूनच परत येतो. म्हणजे खिडकीत येणाऱ्या उन्हाला दिशा असते तशा तारखाही असतात. देवळाच्या तारखा सगळ्यांना पाठ, आपल्या घरातल्या खिडकीच्या कुणाला ठाऊक नसतात.

मंगळवार पेठेतल्या जुन्या घरातून आम्ही देवकर पाणंदेकडच्या तिसऱ्या मजल्यावर आलो. सामान लागायच्या आत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली, "पडदे कुठल्या रंगाचे घेणार?" सोफा कसला आहे, भिंत कुठल्या रंगाची, त्यावर काय खुलेल. खिडकी कुठं उघडते असं एकानंही विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की पडदा खोलीला नसतो, खिडकीला असतो. एकाच खोलीतल्या दोन खिडक्यांना एकसारखे पडदे दिसायला बरे, वापरायला नाहीत. घरात हे म्हणणं फारसं कुणी उचलून धरलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला. वर छज्जा आहे, पण छज्जा उपयोगी पडतो तो सूर्य डोक्यावर असताना. संध्याकाळी पाचला सूर्य छज्ज्याच्या खालून सरळ घरात येऊन बसतो. एप्रिलमध्ये तर टीव्हीवर काही दिसत नाही आणि समोरची भिंत सातनंतरही हाताला गरम लागते. ह्यावर सगळ्यांचा उपाय एकच, जाड गडद पडदा लावा. मला तो पटत नाही. ऊन एकदा काचेतून आत आलं की आलंच. पडदा ते अंगावर घेतो, स्वतः तापतो, आणि त्याची धग खोलीतच सोडतो. काच उजेडाला वाट देते, पण ह्या धगीला तितक्या सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणून ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. गॅलरीच्या कठड्यावर आम्ही बांबूची चिक सोडली आहे, दोरीनं गुंडाळता येते ती. आत पडदा मध्यम जाडीचा, आणि त्याला पांढरं अस्तर. काचेकडची बाजू पांढरी असली की निदान थोडं ऊन आल्या वाटेनं परत जातं. अस्तर उन्हात झिजतं आणि वरचं कापड वाचतं, हा दुसरा फायदा. चार वर्षांनी अस्तर बदलायचं, पडदा तसाच.

आजोळी वाळ्याचे पडदे असत. दुपारी त्यांच्यावर पाणी मारायचं काम मुलांकडं. तो वास आणि तो गारवा एप्रिलच्या कोरड्या हवेत खरा, पण मृग लागला की संपलं. हवाच ओली असेल तर वाळ्यातलं पाणी उडून जाणार कुठं? कोल्हापूरचं एक बरं आहे. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळं उन्हाळ्यातही रात्र बऱ्यापैकी निवते. दिवसभर खिडक्या-पडदे लावून घ्यायचे आणि अंधार पडला की सताड उघडायचे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे उलटं वाटतं. भर दुपारी "जरा वारा येऊ दे की" म्हणून तेच उठतात आणि पडदे ओढतात.

माझ्या मैत्रिणीचा फ्लॅट रंकाळ्याच्या काठावर, गॅलरी थेट तळ्याकडं, पश्चिमेला. समोर माणूस नाही, इमारत नाही, नुसतं पाणी. तिला वाटलं पडद्याची गरजच नाही. पण तिथं ऊन दोनदा येतं, एकदा सूर्याकडून आणि एकदा पाण्यावरून. पाण्यावरचं ऊन खालून येतं आणि छताला लागतं. तिनं शेवटी खालून वर चढणारा पडदा करून घेतला, खालच्या अर्ध्यात पातळ कापड आणि वर मोकळं. पाहुणे म्हणतात उलटा बसवलाय.

आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी उत्तरेची. घर घेताना सांगितलं गेलं होतं, "इकडं ऊन येतच नाही, पडदा फक्त शोभेला." आणि मे महिन्यात सकाळी सकाळी उशीवर ऊन. कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात इथं शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी उभ्या काठीची सावली काठीच्या पायातच. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, उगवणं-मावळणं तर मार्चपासूनच उत्तरेकडं सरकलेलं. मग हे कुणाच्या ध्यानात का येत नाही? कारण जूनच्या मध्याला ढग येतात आणि सूर्याचं तोंड दिसत नाही. उत्तरेच्या खिडकीला कडक ऊन मिळतं ते मे महिना आणि जूनचे पहिले काही दिवस, एवढंच. त्यासाठी वर्षभर ब्लॅकआउट टांगून खोलीची गुहा करायची का? मी दुहेरी रॉड लावला. पुढच्या रॉडवर साधा सुती पडदा बारा महिने, मागच्यावर अस्तराचं कापड, ते फक्त मे महिन्यात चढतं.

पूर्वेची खोली सासूबाईंची. त्यांनी पडद्याला सरळ नकार दिला. "सूर्य उगवलेला दिसला पाहिजे, नाहीतर दिवस कसा सुरू करायचा?" मी म्हटलं, "आई, समोरच्या इमारतीतून दिसतं सगळं." तर म्हणाल्या, "मला काय बघणार ते? आणि बघूदेत की." त्यांचं वय आणि त्यांचा ठामपणा दोन्ही मान्य करून खालच्या अर्ध्या खिडकीला तेवढा पांढरा पडदा लावला. वरचा अर्धा भाग मोकळा.

तो अर्धा पडदा लावताना जुनं घर आठवलं, आणि त्या घराला पडदे नव्हतेच हेही. खिडक्यांना लाकडी झडपा, वरच्या दोन, खालच्या दोन. खालच्या झडपा लावल्या की रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं दिसत नाही, वरच्या उघड्या ठेवल्या की वारा आणि उजेड दोन्ही चालू. दुपारी चारी बंद केल्या तरी फटींतून उजेडाच्या रेघा येत आणि त्यांत धूळ तरंगताना दिसे. त्या काळच्या सुतारानं सगळा विचार आधीच केलेला होता. शाहू मिलचा भोंगा आमच्या पेठेत स्वच्छ ऐकू यायचा. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये काढलेली ती कापडगिरणी एवढी जवळ असून घराच्या खिडक्यांवर हातभर कापड नव्हतं. पडदा असायचा तो दाराला. माजघर आणि सोपा, म्हणजे बाहेरची बैठक, ह्यांच्या मधल्या दाराला, स्प्रिंगच्या तारेवर ओवलेला, दोन टोकांना खिळे. तार सैल पडली की पडदा मधोमध झोळ टाकायचा. तो जुन्या साडीचा. पाचवारीची लांबी साडेपाच मीटर धरली तर सात फुटी दाराचे दोन पडदे आणि वर मीटरभर कापड उरतं. साडी उभी फाडायची नाही, काठ दोन्ही कडांना सरळ खाली उतरतो आणि शिवणीचं काम अर्धं वाचतं. आजही तयार पडद्यांपेक्षा जुनी सुती साडी मला सरस वाटते, कारण ती शंभर वेळा धुतलेली असते. आटायची ती कधीच आटलेली असते आणि रंग जायचा तो गेलेला.

स्लायडिंग खिडक्यांनी झडपांची सोय घालवली. एका वेळी अर्धीच खिडकी उघडते, आणि पडदा सरकवून ठेवायचा तो नेमका उघड्या अर्ध्यावर जमा होतो. ह्याला उपाय सोपा आहे, पण दहातल्या आठ घरांत केलेला दिसत नाही. रॉड खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच लांब घ्यायचा. मग गोळा झालेला पडदा भिंतीवर उभा राहतो, काचेवर नाही. वरही चौकटीच्या चार-सहा इंच उंच. खोली उंच दिसते असं दुकानदार सांगतात, ते असेल; मला त्यापेक्षा वरच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी बंद होते ह्याचं महत्त्व आहे.

जाळीच्या पडद्यांबद्दल एक सांगायचं राहू नये. दिवसा बाहेर उजेड जास्त म्हणून आतून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आतलं दिसत नाही. रात्री दिवा लावला की हिशेब उलटतो. आमच्या समोरच्या इमारतीत एक कुटुंब आहे, सज्जन माणसं, रोज रात्री जाळीचा पडदा काळजीपूर्वक ओढून घेतात आणि मग त्यांचं अख्खं जेवण आम्हाला दिसतं. सांगायचं कसं हा प्रश्न आहे.

कापड आणायला आम्ही गांधीनगरला गेलो. कोल्हापूरची माणसं लग्नाचा बस्ता असो की पडदे, एकदा तरी तिकडं जाऊन येतातच. त्या बाजाराखालच्या जमिनीची गोष्ट निराळी आहे. इथंच, म्हणजे वळिवड्याला, १९४३ ते १९४८ मध्ये पोलंडमधून विस्थापित झालेल्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी होती, बायका-मुलं जास्त. ते गेले आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्यांनी तिथं व्यापार उभा केला. आता तिथं दुकानामागून दुकान, आणि गठ्ठे उलगडून दाखवणारी पोरं. साधं सुती कापड मागितलं की ती जरा हिरमुसतात. जॅकार्ड, वेलवेट, चमकणारं पॉलिस्टर आधी पुढ्यात येतं. मी पॉपलीन आणि केसमेंटवर अडून राहिले. इचलकरंजीला १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला. तेव्हापासून एवढं सुती कापड ज्या जिल्ह्यात विणलं गेलं, तिथं खिडकीला प्लॅस्टिकसारखं चकाकणारं काही लावायचं माझ्या जिवावर येतं. पॉलिस्टर टिकतं, चुरगळत नाही, लवकर वाळतं, हे सगळं खरं आहे. तरीही.

"खिडकी किती फुटी, वहिनी?"

"सहा."

"पाच मीटरमध्ये बसतंय की!"

बसत नाही. हा हिशेब मला आमच्या शिंपी मास्तरांनी शिकवला आणि तो सगळ्यांना यायला हवा. खिडकी सहा फूट, पण रॉड सात फूट, म्हणजे ८४ इंच. चुण्या नीट पडायला कापड रॉडच्या दुप्पट लागतं, म्हणजे १६८ इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंच असेल तर साडेतीन पन्हे. अर्धा पन्हा कुठं घेत बसता, चार घ्या, दोन पडदे दोन-दोन पन्ह्यांचे. उंची पाच फूट आणि वर-खाली दुमडीला मिळून एक फूट, म्हणजे पन्ह्यामागं सहा फूट. एकूण चोवीस फूट, जवळपास साडेसात मीटर. नक्षी मोठी असेल तर जोडाला जोड जुळवायला आणखी लागतं. पाच मीटरमध्ये जो पडदा बसतो तो ओढला की चादरीसारखा ताणून बसतो, एक चुणी राहत नाही, आणि मग घरातले म्हणतात कापडच हलकं आणलं.

मास्तरांच्या आणखी काही गोष्टी आहेत. सुती कापड कापायच्या आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात सात फुटी पडदा तीनेक इंच वर चढतो. आयलेटच्या, म्हणजे रॉड ओवायच्या, कड्या समच हव्यात, म्हणजे दोन्ही टोकं भिंतीकडं वळतात. विषम झाल्या तर एक कड बाहेर फडफडत राहते. खालची दुमड चार इंचांची, त्या वजनानं पडदा सरळ पडतो. माप घ्यायचं ते लोखंडी टेपनं आणि तीन ठिकाणी, कारण "चौकट काटकोनात हाय म्हणून सांगणारा गवंडी मला अजून भेटायचा हाय." नव्या इमारतीत कशाला तीन-तीनदा मोजायचं असं मला वाटलं होतं. आमच्या हॉलच्या खिडकीची डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच उंच निघाली.

स्वयंपाकघराचा निकाल चटणीनं लावला. उन्हाळ्यात कांदा-लसणाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या की ठसका तिसऱ्या मजल्यावरून खाली गेटपर्यंत जातो, आणि तो कापडात बसतो. गॅसजवळच्या खिडकीला लोंबता पडदा हवाच कशाला, सुती असेल तर पेट घेईल, पॉलिस्टर असेल तर वितळून चिकटेल. तिथं ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ब्लाइंड आहे. तेलकट झाला की साबणाच्या फडक्यानं पुसायचा, कंटाळवाणं काम आहे पण होतं. बाथरूमला तिरक्या काचपट्ट्या आणि त्यांवर धुरकट फिल्म, संपलं.

गळीत हंगाम सुरू झाला की आणखी एक पाहुणा येतो. ऊस तुटल्यावर शेतात पाचट जाळतात आणि त्याची काळी नाजूक राख वाऱ्यावर गावात येते. हात लावला की ती मोडते आणि डाग पडतो. झटकायची नाही, फुंकरच मारायची. पांढरी जाळी हिवाळ्यात उतरवून ठेवावी असं माझं मत झालंय. बाकी पावसाळ्यातही जड पडद्यांना सुट्टीच द्यावी. आषाढात इथं आठ-आठ दिवस ऊन नसतं, अस्तराच्या आत बुरशीचे ठिपके धरतात, आणि धुतलेला जाड पडदा पंख्याखाली तीन दिवस कुबट वास मारत राहतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून इंचभर वर असलेली बरी. २०१९ च्या पुरानंतर एका नातेवाइकांच्या तळमजल्यावरच्या घरी साफसफाईला गेलो होतो. भिंतीवर पाण्याची रेघ होती गुडघ्याच्या वर, आणि पडद्यावर चिखलाची रेघ त्याच्याही वीतभर वर. पाणी थांबलं तिथं कापड थांबलं नव्हतं, ते वर शोषत गेलं होतं. त्यांनी नंतर तळमजल्याला रोलर ब्लाइंड लावले, सर्रकन वर जाणारे.

राहिली मुलीची खोली. दक्षिणेची खिडकी. डिसेंबरात दुपारचा सूर्य इथं क्षितिजापासून जेमतेम पन्नास अंशांवर असतो, त्यामुळं ऊन तिच्या टेबलापर्यंत येतं. हिवाळ्यात ते हवंहवंसं, पण पुस्तकांच्या पाठींचा रंग उडतो. तिला पडदा नको, रोमन ब्लाइंड हवा, दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारा, आणि त्यावर मोठं चित्र हवं. एरवी मी मोठ्या चित्रांच्या पडद्यांच्या विरोधात आहे. दुकानात ताणून धरलेलं कापड बघून आपण भुलतो, घरी चुण्या पडल्या की मोराची मान एकीकडं आणि पिसारा दुसरीकडं. कोल्हापुरात तरी हे कळायला हवं. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर ह्या भावांनी सिनेमात पडण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. १९१५ साली सुरू झालेलं पॅलेस थिएटर, पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, ह्याच गावातलं. नाटकाचा रंगवलेला पडदा सपाट सोडतात, म्हणून त्यावरचा राजवाडा राजवाडाच दिसतो. घरचा पडदा चुण्यांचा, त्यानं चित्राचा चोळामोळा केला तर त्याचा काय दोष? पण रोमन ब्लाइंड खाली सोडला की सपाट राहतो, तेव्हा मुलीचा मुद्दा मला मान्य करावा लागला. एकच अट घातली. ओढायची दोरी लोंबती ठेवायची नाही, भिंतीवरच्या खुंटीला वर गुंडाळायची, कारण नणंदेचा धाकटा सुट्टीत येतो आणि दोरी दिसली की गळ्यात घालतो.

चित्र ती स्वतः रंगवणार आहे. मांजरपाट भिजवून, वाळवून, इस्त्री करून मास्तरांकडं गेला, पट्ट्यांच्या खाचा शिवून परतही आला. आता वाद फक्त विषयाचा उरलाय. आजीला राधाकृष्ण पाहिजेत. मुलीला दिवाळी पाडव्याच्या मिरवणुकीतल्या म्हशी काढायच्या आहेत, शिंगं रंगवलेल्या, गळ्यात घुंगरं. आजी म्हणतात, रोज उठून म्हशीचं तोंड कोण बघणार. मुलगी म्हणते, दूध कुणाचं पितेस.